पासंग

बाबा धान्याच्या कोठारावर काट्याशी बसत.
आयोवातला सपाट जिल्हा, मक्याचे ट्रक.
आधी भरलेला तोलायचा, मग रिकामा,
मधला फरक तेवढा मका.
बाकी सगळं, ते म्हणत, लोखंड आणि ड्रायव्हरचं जेवण.

हिवाळ्यात ट्रक येत नसत. मग ते संघ तोलायला लागले.
दोनशे चौदा कॉलेजं, मुलींचे बास्केटबॉल संघ,
ज्यांना पेपरात चार ओळीही मिळत नसत.
म्हणून पोस्टकार्डं, एकेका कॉलेजच्या नावे, स्वच्छ अक्षरात:
‘कृपया सामन्यांचे गुण कळवावेत. डेल्मर हिनरिक्स, तोलार.’
निम्म्यांनी कळवले.
नेब्रास्काच्या एका कोचबाईंनी गुणांसोबत
गुडघ्याचं दुखणंही कळवलं, दोन पानं.

पहिला पेच हा, की जिंकणं म्हणजे किती?
वीस गुणांनी हरवलं, पण कोणाला?
ब्रॅमवेलने ऑर्डवेला, ऑर्डवेने सेंट ओडिलाला,
आणि सेंट ओडिलाने ब्रॅमवेलला, तेही त्यांच्याच जिममध्ये.
शेरास सव्वाशेर,
आणि सव्वाशेराला फिरून तोच शेर.
आई म्हणाली, कुत्र्याने स्वतःची शेपटी धरलीय.
धरू दे, बाबा म्हणाले, दमला की थांबेल.

सुरुवातीला सगळ्यांना शंभर.
मग हरवलेल्याच्या वजनातला वाटा हरवणाऱ्याला.
मग नव्या वजनांनी पुन्हा. पुन्हा.
मीठदाणीभोवती खोडरबराचा चुरा,
आणि नवव्या फेरीला आकडे निवळत,
तुरटी फिरवलेल्या पाण्यासारखे.
घरच्या मैदानाला साडेतीन गुणांचा पासंग.
विसाच्या वरचं अंतर धरायचंच नाही:
‘पडलेल्याला तुडवण्याला वजन नसतं.’

मी तेव्हा टिल्डन टीचर्स कॉलेजात, अकरा नंबरचा शर्ट.
ख्रिसमसपर्यंत नऊ सामने, नऊ पराभव.
घरी आले तर यादी फ्रिजवर.
मी खालून वाचायला घेतली.
फार वाचावं लागलं नाही.

‘एक अंगठा ठेवायचा काट्यावर,’ मी म्हटलं, ‘बापाचा.’
ते चष्मा पुसत राहिले.
सत्तावीस वर्षांत कोणाच्याच ट्रकला ठेवला नाही, म्हणाले,
सख्ख्या भावाच्या मक्यालाही.
त्या रात्री मी रागाने जेवले नाही.
खोटं कशाला, दोनदा वाढून घेतलं,
पण बोलले नाही.

फेब्रुवारीत, हीटर बंद पडलेल्या बसने सहा तास जाऊन
आम्ही मॅकाडूला हरवलं. एका गुणाने.
तो गुणही माझा नव्हे, लोरेटा व्हॅनेकचा:
फ्री थ्रो, रिंगवर चारदा विचार करून
आत पडलेला चेंडू.
मी घरी फोन करून गुण कळवले, दोन आकडे, बस,
आणि ठेवला.

रात्री दोनला वसतिगृहाच्या जिन्यातला फोन वाजला.
बाबा, जे लांबच्या फोनची मिनिटं घड्याळ समोर ठेवून मोजत.
‘ऐक. मॅकाडू हलकं झालं.
म्हणून मॅकाडूला हरवणारं ऑर्डवे हलकं.
म्हणून ऑर्डवेला हरवणारं ब्रॅमवेल.
ब्रॅमवेल पहिलं आहे. तीन सहस्रांशाने उतरलं.’

‘आणि आम्ही?’

‘दोनशे तेरा.’

तारेवर थोडा वेळ नुसती थंडी.
पेन्सिल कागदावर टेकल्याचा आवाज, की मला वाटलं तसा.
‘तीनदा तपासलं मी. पहिलं कॉलेज हललं, नोरीन.
तुम्ही हलवलंत.’

मग, जणू याचसाठी फोन केला होता:
परतीच्या रस्त्यावर बर्फ होता का?
टायर जुने होते का बसचे?
मी म्हटलं, हो. दोन्ही.
ते म्हणाले, हं,
आणि घड्याळात अजून मिनिट शिल्लक असताना
आम्ही दोघंही काहीच बोललो नाही.