हल

डोमाजी आबा पुलाच्या कठड्यावर बसून
काठीनं दगड ठोकतो.
"इंग्रजाचा हाये. वाकला का?
अन् यायचा पाय, सिमेंटचा,
उद्घाटनाचा हार सुकाच्या आंधी फुटला."
मग बीपीची गोळी मागतो.
मी म्हणते, स्टॉक आला नाही.
"इंग्रज असता तं आला असता."

याच पुलाचे दगड आबाच्या आजानं वाहिले होते,
बेगारीत, पोटाला ज्वारीची भाकर एक.
हेही आबाच सांगतो,
पण दुसऱ्या दिवशी.

मी पंचफुला खोब्रागडे, परिचर,
प्राथमिक आरोग्य केंद्र, सावळखेड.
बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलंय,
वैद्यकीय अधिकारी : रिक्त
आरोग्य सेविका : रिक्त
त्याखालचं नाव कोणाच्या तरी पाठीला पुसून गेलं.

माझी करुणा इंग्रजाच्याच दवाखान्यात नर्स आहे.
गावाचं नाव हल.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले,
असं कसं बाई नाव, मागून कोणी ढकलल्यासारखं.
आता तीच म्हणते,
"नाव हल, पन अथी काईच हलत नाई, आई."

रात्री दीडला फोन येतो. तिथं संध्याकाळचे आठ.
दवाखान्यापुढे अँब्युलन्स लागल्यात म्हणते,
जिनिंगसमोर कापसाच्या गाड्या लागतात तशा,
पेशंट आतच,
काटा रिकामा व्हायची वाट पाहत.
आत व्हरांड्यात खाटा.
व्हरांड्याला आता नंबर दिले आहेत,
नंबर दिला म्हणजे तो वॉर्ड झाला.

एकानं स्वतःची दाढ पकडीनं काढली,
दातांचा डॉक्टर नवीन नाव लिहूनच घेत नव्हता.
रस्त्यावरचे दिवे बारानंतर बंद.
"लोडशेडिंग?" मी विचारलं.
"नाई. नगरपालिकेजवळ पैसे नाई."
वाचनालयाला कुलूप.
मंत्री बदलतात,
आपल्याकडे साहेब बदलतात तसे,
हजर झाले, हार घेतला, आढावा घेतला,
खुर्ची गरम व्हायच्या आत दुसरा.

मी ऐकत असते, अन् माझा डोळा लसीच्या फ्रिजवर.
लाईट गेली तर बर्फ किती तास टिकेल
याचा हिशेब माझ्या बोटांवर.

नागपूरला सरकारी कॉलेजात शिकली पोरगी.
इथली एक जागा रिकामी ठेवून
तिथली एक रिकामी जागा भरायला गेली.
तिच्या पैशातून घराला स्लॅब पडला.
मी कोणाला बोलू?
स्लॅबखाली झोपते अन् गप्प राहते.

काल सांगत होती, डोरीन नावाची म्हातारी,
शहाऐंशी वर्षांची, खुब्याचं हाड मोडलेलं,
व्हरांडा नंबर चारमध्ये एकोणीस तास.
कण्हत नव्हती.
करुणा जवळून गेली की म्हणायची, सॉरी.
पोरी, तुला त्रास, सॉरी.
उशी नव्हती.
करुणानं आपला कोट घडी करून डोक्याखाली दिला
अन् ड्युटी संपल्यावर थंडीत तशीच घरी गेली.

मला वाटलं, हे आबाला सांगावं.
सकाळी पुलावर गेलेही.
तो दगडावरून हात फिरवत होता,
बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.
नाही सांगितलं.
पंच्याऐंशीच्या माणसाजवळून
इंग्रजही काढून घ्यायचा?

कपाटाच्या मागच्या खणात एक पट्टी होती,
झेडपीच्या शिबिरातून उरलेली.
तारीख पाहिली, अजून दोन महिने.
कात्रीनं मधोमध कापली.
पाच आबाला.
पाच अजून कोणी येईल त्याला.

रात्री पुन्हा फोन. मी आधी तेच विचारलं,
"म्हातारीले खाट भेटली का वं?"
"भेटली, पहाटे."
"अन् चहा?"
"मशीनचा. म्याच देल्ला, माया पैशाचा."
थोडा वेळ कोणीच बोललं नाही.
तिच्या मागे कुठंतरी बेल वाजत होती,
वाजत होती, कोणी जात नव्हतं.
"साखर टाकली होती का?"
"दोन चमचे," ती म्हणाली. "जाते मी, आई."