खालच्या दोन ओळी

रविवारी सकाळी व्यंकूनं मला कॉलेजच्या हॉलमध्ये नेलं.
जपानी पिक्चर आहे, म्हणाला, फुकट आहे, पंखे चांगले आहेत.
दीडशे टॉवेलांच्या कडा शिवायच्या राहिल्या होत्या
तरी गेले.
पंधरा दिवसांनी तो नेव्हीत जाणार.

पडद्यावर बोट.
बोट कसली, अख्खी गिरणी चिमणीसकट पाण्यात सोडलेली.
तोफा इतक्या लांब
की या टोकानं धोटा फेकला तर परत यायला दुपार व्हावी.
आणि आत पोरं. मिसरूड न फुटलेली,
टोप्या कानावर आलेली.

ती बोलायची तेव्हा खाली इंग्रजी ओळी यायच्या.
मला वाचता येत नाही, व्यंकू कानात सांगायचा.
साहेब म्हणतोय, फळ्या घासा.
तो म्हणतोय, आमच्या गावात मासे नाहीत, नुसता मुळा.
हा त्याला म्हणतोय, काय बे, पोहता येतं का तुला?
मी हसले.
जपानी पोरगं 'काय बे' म्हणालं
यात मला काहीच वावगं वाटलं नाही.

आमच्या दाजी पेठेत पाणी पाचव्या दिवशी येतं,
तेही रात्री दोनला. घागरी, बादल्या, पातेली,
व्यंकूच्या लहानपणीचा टबसुद्धा भरून ठेवते मी.
त्या घरातलं पोर समुद्रावर निघालंय.
पोहायला शिकला तो विहिरीत,
पाठीला रॉकेलचा रिकामा डबा बांधून.

मग रस्त्यात उभी एक बाई दिसली, हातात पांढरा पट्टा.
येणारी-जाणारी प्रत्येक बाई थांबून एक टाका घालते.
हजार बायकांचे हजार टाके झाले
की पोराला गोळी लागत नाही म्हणे.
एकेक टाका.
मी मशीनवर दिवसाला किती घालते ते मोजलेलं नाही.
ते टॉवेल कुणाच्या अंगाला लागतात, तेही माहीत नाही.

मध्यंतर झालं नाही.
मोठा साहेब उभा राहिला, सगळी पोरं रांगेत.
तो बोलत राहिला, खाली दोन-दोन ओळी
या काठापासून त्या काठापर्यंत भरून आल्या,
गेल्या, पुन्हा भरून आल्या.
काय म्हणतोय?
जेवायला बोलावलंय, व्यंकू म्हणाला.

जेवायला कुणी गेलं नाही.
एक पोर कोपऱ्यात बसून नखं कापत होतं,
कापलेली नखं कागदाच्या पुडीत ठेवत होतं,
मग थोडे केस. मग पुडीवर पत्ता.
हे का रे?
नेव्हीत स्वच्छता लागते, अम्मा.
अंधारातही त्याचा चेहरा पडद्याकडेच होता.

नंतर सगळा आवाज आणि धूर.
बोट कुशीवर वळली, तापातलं माणूस वळतं तशी.
तेलानं काळ्या झालेल्या पाण्यात
नखं कापणारं ते पोर तोंड वर करून ओरडलं.
खाली एकच शब्द आला.
लहानसा.
व्यंकूनं सांगितला नाही.
मी विचारला नाही.

बाहेर ऊन असं की डोळे मिटावे लागले.
त्यानं उसाचा रस पाजला, बर्फ नको म्हणून सांगितलं, माझ्या दातांसाठी.
चौकापर्यंत आम्ही पावसाळी चपलांबद्दल बोललो.

घरी नरसय्या रात्रपाळीची झोप संपवून उठलेले.
कसा होता पिक्चर?
बोटीचा, मी म्हणाले.
पोरांना सारखं जेवायला बोलवत होते.

टॉवेल घेऊन बसले. नव्वदाव्याला दोरा तुटला.
दिवेलागणीला व्यंकू उंबऱ्यात बसला,
पाय खाली सोडून, पुढ्यात पेपर पसरून.
मी उठले आणि त्याच्या हातातलं नेलकटर काढून घेतलं.
संध्याकाळी नखं कापत नाहीत, म्हटलं.