एका वाक्यात उत्तरे लिहा

तांबा काट्यामागच्या शाळेत, तिसऱ्या मजल्यावर,
चौथी ब.
खालच्या कारखान्यांतून तेजाबाचा वास वर चढतो
म्हणून डावीकडची खिडकी बंद.
उजवीकडची लागतच नाही.

आज ग्रीस देशातली गोष्ट.
ग्रीस नकाशात दाखवला : फाटलेल्या कोपऱ्यापाशी,
खिळ्याच्या जरा खाली.
राजाचं नाव मुलांच्या जिभेवर ठरेना,
मग आम्ही त्याला नुसतं राजा म्हटलं.
आपल्याकडे तेवढं पुरतं.

देव म्हणाला, माग. राजाने मागितलं.
फांदी सोन्याची झाली. खडा सोन्याचा.
भाकरीचा तुकडा ताटात टण्णकन वाजला,
इथे सगळे हसले.
मग मुलगी धावत आली, बाबा बाबा करत.
इथे मुजम्मिल शेवटच्या बाकावरून म्हणाला,
'बाई, किती तोळ्यांची झाली?'
हसू दिसू नये म्हणून मी फळ्याकडे तोंड केलं
आणि खडू हातात धरून उभी राहिले.
त्याने विनोद केला नव्हता,
हिशेब विचारला होता.

गोष्ट संपली. आता आकलन.
कारण द्या : राजा उपाशी राहिला, कारण
आणि पुढे दीड ओळ मोकळी.
दीपांकरने लिहिलं,
कारण त्याने जेवणाआधी हात धुतले नाहीत.
मी लाल फुली मारली. मग त्याला जवळ बोलावलं.
त्याचे बाबा दुपारी डबा उघडण्याआधी
पिंपात हात बुडवतात, नखंसुद्धा ब्रशने घासतात.
पिंपातलं पाणी शेठचं. पिंपाला कुलूप.
लाल शाई पुसत नाही.
मी फुलीवरूनच बरोबरची खूण ओढली,
कोळ्यासारखं काहीतरी झालं.

तात्पर्य मात्र सगळ्यांना पाठ.
एका सुरात, बाकावर तळवे आपटत :
अति तेथे माती!

केसर गप्प.
केसरची आई, दुकानांची शटरं वर जाण्याआधी,
गल्ली झाडते. पालिकेसाठी नाही.
पायऱ्यांच्या फटींतला, गटाराच्या कडेचा गाळ
घमेल्यात धुते, पुन्हा धुते, पुन्हा,
आठवड्याच्या शेवटी दिसेल न दिसेल असा
एक कण उरतो. कधी दोन.
त्यातून केसरची ही दुरेघी वही आली.
'बाई,' ती उठून म्हणाली,
'माती म्हणजे वाईट का?'

म्हणीचा अर्थ मी समजावून सांगितला.
दोनदा.
दुसऱ्यांदा माझाच आवाज मला पटेना.

ती खाली बसली नाही. तिचं बोट शेवटच्या परिच्छेदावर :
राजाने नदीत अंग धुतलं, वर उतरला,
नदीतली वाळू सोन्याची झाली.
'मग ती वाळू कोणी चाळली?'

पानाच्या तळाशी चित्र आहे.
राजा, मुलगी, गुलाबाचं झाड पुन्हा हिरवं,
नदी कोपऱ्यात, बोटभर.
काठावर कोणी काढलेलं नाही.
मी तो प्रश्न फळ्यावर लिहिला, चौथा म्हणून,
तेवढ्यात घंटा झाली.

रात्री जेवणं उरकल्यावर वह्या. एकोणतीस.
बऱ्याच जणांनी जागा कोरी सोडलेली.
मुजम्मिलच्या मते, पालिकेने.
दीपांकर म्हणतो, नदीला कुलूप असेल.
आणि केसर :
एक बाई होती. तिची चाळण जुनी होती.
राजाला ती माहीत नव्हती.

एका वाक्यात मागितलं होतं उत्तर.
मी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं,
परत काढलं.
समासात, बारीक अक्षरात, लिहिलं :
पुढे?