साडेदहा फूट, बत्तीस इंच

मार्व्याच्या धक्क्यामागं, ऑस्वल्डच्या पत्र्याच्या शेडमध्ये
फळ्या उभ्या आहेत भिंतीला टेकून,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारख्या.
वजन? ऑस्वल्ड विचारतो.
अडुसष्ट, मी सांगते.
खरं सांग, शलाका म्हणते.
चौऱ्याहत्तर.

पैसे अर्धे अर्धे, फळी एक.

मला हवंय सकाळचं पाणी.
भरती पुरी झाल्यावर खाडी जरा वेळ
काहीच ठरवत नाही, तेव्हाचं.
नुसतं उभं राहायचं,
वल्हं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे,
आणि पंचवीस वर्षं क्लिअरिंग खात्यात बसलेल्या कमरेला
कळू द्यायचं की आपण अजून उभ्या राहतो.

शलाकाला हवाय दुपारचा खारा वारा.
कॉलेजात असताना गिरगावला
तिनं तीन दिवस शीड धरलं होतं.
तिसऱ्या दिवशी अशी सुटली, अशी सुटली
की किनाऱ्यावरची माणसं मुंग्यांएवढी झाली.
गोष्ट ती इथंच संपवते.
परत वळता येईना, मच्छीमारांनी दोरीनं ओढून आणलं,
हे मला तिच्या भावाकडून कळलेलं.

ऑस्वल्ड एकेक फळी आडवी करतो.
ही लांब, निमुळती. पळते,
पण वळायचं म्हटलं की जावयासारखी रुसते.
ही रुंद. हिच्यावर लोक आसनं करतात,
वारा लागला की पाटासारखी आडवीच सरकते.
ही हवा भरायची, पिशवीत मावते,
आमच्या लिफ्टमध्येही मावेल,
पण शीड चढवलं की मधोमध
ओल्या पापडासारखी वाकते.
आणि ही. हिला सगळं येतं, तो म्हणतो.
मग डोकं खाजवत, प्रामाणिक माणूस,
म्हणजे, सगळं थोडं थोडं.

आम्ही दोघी हसतो.
आमच्या गोपनीय अहवालात साहेब हेच लिहायचे.

साडेदहा फूट, बत्तीस इंच.
पोटाखाली मधोमध एक जादा पर,
शिडाच्या दिवशी लावायचा, एरवी काढून ठेवायचा.
पाठीवर, उचलायच्या मुठीच्या जरा पुढं,
पितळी आट्यांचं एक छिद्र.
डोलकाठी इथं बसते.
शलाका करंगळीचं टोक घालून बघते.
बसतं.
त्यानंतर तिनं काही विचारलं नाही,
किमतीचंसुद्धा.

फळी शेडमध्येच राहू द्या, महिन्याला आठशे,
ऑस्वल्ड म्हणाला.
उंदीर फळी खात नाहीत.
शीड खातात, ते घरी न्या.

शीड माझ्या पलंगाखाली आहे.
मार्चात शलाकाची बदली नागपूरला झाली.
रविवारी फोन करते, तब्येत विचारते,
मग वाऱ्याचं विचारते,
पाळणाघरात ठेवलेल्या लेकराचं विचारावं तसं.
मी खोटं सांगत नाही.
चार वाजता धक्क्यावरचा झेंडा ताठ होता.
मग?
मग काय. वारा समोरून.
पाऊण तास वल्हं मारलं,
मनोरीकडचा पांढरा क्रॉस
होता तिथंच राहिला.
तिकडून बराच वेळ आवाज नाही.
मग म्हणाली, अगं, तो समोरून नव्हता.
तू त्याच्याकडं तोंड करून उभी होतीस.

छिद्रात वाळू जाते, आटे बुजतात.
ऑस्वल्डनं बाटलीचं बूच कापून
घट्ट बसवून दिलंय.
दिवाळीत येते म्हणालीय ती.

आज फळी धुताना
मी ते बूच नखानं थोडं सैल करून पाहिलं.