सुटण्याची वेळ

टॉफ्टच्या धक्क्यावर व्हॅन उभी केली तेव्हा पावणेदहा झाले होते.
मॅन्सीनं काचेवर टकटक केलं, मान हलवली.
बोट सुटणार नाही, इनेस.
पाणी दोरखंडांवरून उडी मारून
तिकीटघराच्या दाराला धडका देत होतं.

मागच्या सीटवर गॅसचा सिलिंडर,
पोरासारखा पट्ट्यानं बांधलेला.
बॅगेत चिमटे, कात्री,
आणि झोळीचा छोटा वजनकाटा.
पलीकडे, येल बेटावर,
ओस्लाला कळा सुरू होऊन चार तास झालेले.

रात्रीच्या पाळीला आम्ही दोघीच.
ब्रेन्ना बर्फावर घसरली, मनगट प्लास्टरमध्ये.
म्हणजे मी एकटी,
दक्षिणेकडचं एक बाळंतपण उरकून आलेली,
तिथल्या चहाची चव अजून तोंडात.

ऑक्टोबरात तिच्या स्वयंपाकघरात बसून मी म्हणाले होते,
हवा बिघडली तर दवाखाना.
ती हसली. आमच्याकडे हवा बिघडत नाही,
असते तशीच असते.
गिब्बीनं हौद फुगवून दाखवला.
फ्रिजवर यादी चिकटवलेली:
मेणबत्त्या, चादरी, बिस्किटं, इनेस.

हेलिकॉप्टर मागितलं.
ते पश्चिमेला गेलंय, एका मच्छीमार बोटीकडे,
तिथे सहा जण आहेत.
मी मनात आकडे मांडले नाहीत.
मांडले.

फोनवर गिब्बी,
आवाज शांत ठेवायचा म्हणून इतका हळू
की वाराच जास्त ऐकू यायचा,
त्याच्याकडचा की माझ्याकडचा, कोण जाणे.
पाणी गेलं? हो.
रंग?
कसला रंग?
हिरवट आहे का?
नाही. गवताच्या काडीसारखा.
छान, म्हणाले. छान, गिब्बी.

पाण्यापलीकडे एक पिवळा ठिपका होता.
त्यांचंच घर असेल असं काही नाही,
मी ठरवून टाकलं होतं.
साडेअकराला ठिपका विझला.
फोनही.

इकडे बोट सुटेना, तिकडे बाई सुटली की नाही कळेना.
हीटर लावला. डिझेल आठवून बंद केला.
पुन्हा लावला.

साडेसहाला मॅन्सी म्हणाला, वारा पडला.
मला ऐकू आलं, वार पडली.
पूर्ण पडली का, असं विचारलंसुद्धा मी त्याला.

पहिल्या फेरीत माझी व्हॅन एकटीच.

दार गिब्बीनं उघडलं.
कोपरापर्यंत रक्त वाळलेलं, त्याला पत्ता नव्हता.
हौद अर्धा, गार, तळाशी एक टॉवेल.
ओस्ला चुलीपुढे गादीवर, छातीशी मुलगी,
नाळेला बुटाची नवी नाडी,
दोन गाठी, जाळ्याला मारतात तशा.
वार सूपच्या पातेल्यात, वर झाकण.
मी उलटून पाहिली. पूर्ण होती.

तू येणार होतीस,
ओस्ला भिंतीला म्हणाली.
हो, म्हणाले.
बोट, ब्रेन्नाचं मनगट, ते सहा जण,
सगळं जिभेवर आलं होतं. गिळलं.

मुलीला झोळीत घातलं.
काटा हलला, थरथरला, थांबला.
तीन किलो एकशे चाळीस.
एवढंच काम उरलं होतं माझ्यासाठी.

फॉर्म काढला.
जन्मस्थळ: घर. आधी ठरलेलं: हो.
उपस्थित सुईण:
इथे पेन टेकवून थोडा वेळ बसले.
गिब्बीनं चहा ठेवला, दूध घालायचं विसरला.
फ्रिजवरच्या यादीत
तीन ओळींपुढे बरोबरच्या खुणा होत्या.

परतीची बोट अकराला.
दारात बूट चढवताना मागून ओस्लाचा आवाज आला,
परवा वजन बघायचं असतं ना हिचं.
हवा बरी असली तर, असं म्हणणार होते.
येते, म्हणाले.