वजन कमी भरतं इथं

नंदगडच्या पुलाच्या कठड्यावर पहाटे पहिलं वाचन.
संध्याकाळी इथंच परत यायचं,
कारण यंत्रातली स्प्रिंगही दिवसभरात थकते
आणि तिचा थकवा वजा करावा लागतो.
चंद्राचा हिशेब वेगळा, डोंगराचा वेगळा.
उसाचा ट्रक गेला की पाच मिनिटं गप्प उभं राहायचं.

सदतिसाव्या ठाण्यावर, बांधाच्या कडेला,
कल्लवा विचारते, "काय मोजूलास गे?"
जमिनीची ओढ, मी म्हणते.
"ती मोजाय यंत्र कशाला?"

तिच्या बोअरला गरम पाणी लागलंय.
पोरं आंघोळीला येतात, डाळ लवकर शिजते,
मिरचीची रोपं मात्र होरपळली.
"बिसी नीरू," पलीकडच्या रानातला बसाप्पा म्हणतो,
बोट बुडवून लगेच काढतो.

रात्री लॉजवर आकडे मांडते.
काळ्या खडकाखाली वाळूचा दगड,
आणि एका जागी वजन कमी भरतं,
तागडीला खालून कुणी बोट लावल्यासारखं.
भेग असेल. भेगेत उकळतं काही असेल.
किंवा नुसताच खोलवर कुजलेला खडक.
दोन्हींची रेघ हुबेहूब सारखी येते.
साहेब फोनवर म्हणाले, एकच नकाशा पाठव.

मी दोन पाठवले.

सकाळी निघताना कल्लवानं किटली भरून दिली, बोअरचीच.
पुलावर पोचले तरी बूड ऊन होतं.
वाचन घेण्याआधी ती उचलून
चार पावलं लांब ठेवली, उगाचच,
तिचंही वजन लागेल म्हणून.