अठ्ठावन्न किलो वाळू

ग्वाल्हेरला, दौलतगंजात, आमचं शिलाईचं दुकान.
पाटीवर लिहिलेलं: कोट, अचकन, शाळेचे गणवेश.
तुरुंगाचं काम पाटीवर नव्हतं.
ते यायचं मानाजी घुल्यांच्या सायकलवरून,
कॅरिअरला बांधलेल्या पिशवीत,
आणि बाबा मशीनवरचं लग्नाचं काम बाजूला सारायचे.

दोनच वस्तू असायच्या.
एक टोपी, काळ्या साटिनची, हनुवटीच्याही खाली येणारी.
एक गोणी, दुहेरी टीप घातलेली.
टोपीला माप नसतं, बाबा म्हणायचे,
डोकी सगळ्यांची तेवढीच.
गोणीला मात्र असायचं.
जेलच्या डॉक्टरनं चिठ्ठीवर आकडा लिहिलेला असे,
नाव नाही, गाव नाही, गुन्हा नाही,
अठ्ठावन्न किलो.
तेवढी वाळू मावेल अशी शिवायची.
आदल्या संध्याकाळी माणसाआधी ती खाली जायची,
दोर किती ताणतो ते बघायला.

मानाजी चहा घ्यायचे उभ्यानं.
आई कप वेगळा ठेवत नसे,
तेच विसळून पालथा घालायचे, खिडकीत, अगदी कडेला.
एरवी छत्री बाजारात खाटा विणायचे,
नवार, काथ्या, सुतळी.
त्यांच्या बाजेवर झोपून अर्धं लष्कर म्हातारं झालं,
झोळ म्हणून कुणाची पडली नाही.

मी विचारलं होतं एकदा, आठ-नऊ वर्षांची असेन,
काका, भीती नाही वाटत?
म्हणाले, बेटा, त्या दिवशी पायात चपला नसतात माझ्या.
हे उत्तर मला अजून लागलेलं नाही.
मग सांगत बसले,
दोराला पिकलं केळं चोळायचं, वरून मेण,
म्हणजे खरचटत नाही.

एका डिसेंबरात गोणी परत आली.
भरलेली, शिवण शाबूत.
रात्री साडेअकराला दिल्लीहून कागद आला होता.
मानाजींनी ती सायकलवर घालून ढकलत आणली
थेट बहोडापूरपासून, धुक्यातून,
एक हात हँडलवर, एक तिच्या पाठीवर,
आजारी माणसाला घरी पोचवावं तशी.
त्या खेपेचे पैसे त्यांना मिळाले नाहीत,
सरकार द्यायचं ते काम झाल्यावरच.
बाबांनी पावशेर गजक आणली, तिळाची,
मानाजींच्या हातावर पहिला तुकडा,
मग आम्हाला.
गोणी उसवून वाळू परसात ओतली.
चार महिने खेळलो आम्ही तिच्यात,
बोगदे केले, गुडघ्यापर्यंत पाय पुरून घेतले,
शेजारची मांजर तिथंच व्याली.
आई मोरीवरून ओरडायची,
नीट खेळा रे, माणसाची वाळू आहे ती.

तो माणूस कुठे असेल, मी पुष्कळदा मनात आणते.
सुटला असेल. नसेल.
बाजारात माझ्या शेजारी मटार निवडून गेला असेल.

बाबा गेले ते मे महिन्यात, भर दुपारी.
तिरडी बांधायला चुलतभाऊ बसले,
दोघं बँकेतले, एक इरिगेशनमधला,
हातात सुतळी आणि गाठ कुणालाच येईना.
मानाजी फाटकाबाहेर उभे.
कुणी ये म्हणालं नव्हतं.
आई पदर न सावरता बाहेर आली,
म्हणाली, भावजी, तुम्ही बांधा.
मागे कुणीतरी घसा खाकरला.
मानाजींनी चपला काढल्या.

सात ठिकाणी गाठी मारल्या त्यांनी,
जुन्या खाटेच्या, बिनबोभाट, दिसूही न देणाऱ्या.
मानेपाशी आल्यावर सुतळी थांबवली,
छातीवरून वळवून खाली घेतली
आणि बाबांचा कॉलर सरळ केला,
बाबांनीच शिवलेला.

शेवटी शेवटी फार वाळले होते बाबा.
किती भरले असते, कोण जाणे.
खांदा देताना मानाजींना कळलं असणार, अगदी पावशेरापर्यंत.
बोलले नाहीत.
अनवाणीच गेले घाटापर्यंत,
डांबर वितळलेल्या रस्त्यानं.